जॉश गिब्सनचे नाव टाय कॉबच्या वर का छापावे

२९ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने आपल्या अधिकृत नोंदी दुरुस्त केल्या आणि जवळजवळ शंभर वर्षे पहिल्या जागी असलेला टाय कॉब दुसऱ्या जागी गेला. कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत आता सर्वांत वर नाव आहे जॉश गिब्सनचे, ०.३७२. कॉबची सरासरी ०.३६७. गिब्सनच्या हयातीत ज्यांना मेजर लीग म्हणत, त्यांच्या मैदानावर त्याला एकही अधिकृत सामना खेळता आला नाही, कारण तो काळा होता. तो खेळला काळ्या खेळाडूंच्या व्यावसायिक लीगमध्ये, जिला तेव्हा ‘नीग्रो लीग’ म्हणत. या बदलावरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, आणि माझी तक्रार अशी की तो दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातो. एक बाजू म्हणते, राजकीय दबावाखाली इतिहास बदलला. दुसरी बाजू म्हणते, अखेर गिब्सनला न्याय मिळाला. पहिल्या बाजूने इतिहास नीट वाचलेला नाही, आणि दुसरी बाजू मेलेल्या माणसाला न्याय मिळतो असे गृहीत धरते. माझ्या मते हा प्रश्न नोंदवहीचा आहे. ती वही अपुरी होती, आता ती थोडी पुरी झाली, आणि पुऱ्या वहीत गिब्सनचे नाव जिथे येते तिथे ते छापणे हे वही राखणाऱ्याचे साधे काम आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी आधी आकडा समजावून घेऊ. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होणे असा हिशेब नसतो. बॅटरने मोजल्या जाणाऱ्या हजार संधींपैकी कितींदा चेंडू मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठला, एवढेच ती सांगते. आजच्या काळात हजारात तीनशे वेळा हे करणारा हिटर उत्तम समजला जातो. गिब्सनने ते हजारात ३७२ वेळा केले, आणि तेही कॅचर असताना. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण सामनाभर उकिडवा बसणारा, गुडघे आणि बोटे झिजवणारा. या जागेवर खेळणाऱ्याने सरासरीत पहिले येणे इतके दुर्मीळ की मेजर लीगच्या दोन लीगपैकी (दुसरी नॅशनल) अमेरिकन लीगच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जो मॉअर हा एकच कॅचर ते करू शकला. शिवाय गिब्सनची खरी ओळख सरासरीची नव्हतीच, ती ताकदीची होती. प्रत्येक संधीमागे किती बेस मिळवले हे मोजणाऱ्या स्लगिंगच्या आकड्यात तो ०.७१८ वर आहे, आणि त्याच्या खाली ०.६९० वर बेब रूथ आहे.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १९११ चा, जॉर्जियातील ब्युएना व्हिस्टा या गावचा. दक्षिणेतील हजारो काळ्या कुटुंबांप्रमाणे त्याचे वडील उत्तरेला गेले, पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात कामाला लागले आणि मग कुटुंबाला बोलावून घेतले. १९३० मध्ये अठराव्या वर्षी तो होमस्टेड ग्रेज या नामांकित संघात आला. त्याच वर्षी त्याची पत्नी हेलन जुळ्यांना जन्म देताना गेली. पुढे तो गस ग्रीनलीच्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्समध्ये खेळला आणि १९३७ मध्ये पुन्हा ग्रेजकडे परतला. त्या वर्षाचा काही भाग त्याने डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने चाललेल्या संघासाठी खेळून काढला, १९४० आणि १९४१ मधला बराचसा काळ मेक्सिकोत, कारण तिथे पैसे जास्त मिळत आणि हॉटेलात खोली मिळे. अमेरिकेत हे संघ बसने फिरत, एका दिवसात दोन-दोन गावांत खेळत, आणि वाटेत काळ्यांना जेवू घालणारी खाणावळ सापडेल की नाही याची खात्री नसे. १९४३ च्या आरंभी तो कोसळला. मेंदूत गाठ असल्याचे निदान झाल्याचे सांगतात. त्याच वर्षी त्याने ०.४६६ ची सरासरी राखली, जी आता एका हंगामातील विक्रम म्हणून नोंदली गेली आहे. पुढची वर्षे डोकेदुखी, दारू आणि इस्पितळ यांच्यात गेली, तरी तो खेळत राहिला. २० जानेवारी १९४७ रोजी पस्तिसाव्या वर्षी तो वारला. मेजर लीगचे दार काळ्यांसाठी उघडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तो त्याच वर्षी १५ एप्रिलला. ॲलेगेनी स्मशानभूमीत गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

हे आयुष्य वाचून मन हेलावते, पण माझा युक्तिवाद या हेलावण्यावर उभा नाही. दुःखी माणसाला विक्रम बक्षीस द्यायचा नसतो. म्हणून विरोधकांचे मुद्दे त्यांच्या पूर्ण वजनानिशी घेऊ.

त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा संख्येचा आहे. गिब्सनच्या मोजलेल्या संधी दोन हजारांच्या थोड्या वर आहेत, कॉबच्या अकरा हजारांहून अधिक. कॉब चोवीस हंगाम खेळला आणि चाळिशी ओलांडल्यावर निवृत्त झाला. उतरणीची वर्षेही त्याच्या सरासरीत आहेत. गिब्सन उतरणीच्या आधीच गेला. नीग्रो लीगचा हंगाम लहान असे, मोजता येण्याजोगे सामने बहुधा साठ ते ऐंशी, आणि लहान हंगामात सरासरी फुगू शकते. खेळातील तफावत मोठी होती, दुबळ्या संघांकडे दुबळे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, असत. आणि १९२० ते १९४८ या काळातील सामन्यांची उपलब्ध आकडेवारी अजूनही सुमारे तीन चतुर्थांशच आहे. यातला एकही मुद्दा खोटा नाही. मी आणखी एक पाऊल पुढे जातो: टेड विल्यम्सने १९४१ मध्ये पूर्ण लांबीच्या हंगामात राखलेली ०.४०६ ही सरासरी मला गिब्सनच्या ०.४६६ पेक्षा मोठा पराक्रम वाटते. १९४३ च्या युद्धकाळात कोणत्याच लीगमध्ये पूर्ण ताकदीचे पिचर उरले नव्हते, हेही खरे.

मग ०.४६६ का छापायचे? कारण ‘कोणाचा पराक्रम मोठा’ हा प्रश्न नोंदवहीने कधीच सोडवलेला नाही, आणि तसा दावाही तिने केलेला नाही. २०२४ पूर्वी एका हंगामातील सर्वोच्च सरासरीचा मान कोणाकडे होता? ह्यू डफीकडे, १८९४ साली ०.४४०. त्याच्या आदल्या वर्षी पिचरला नियमाने मागे सरकवले होते, पिचर अजून त्या अंतराला सरावले नव्हते, आणि त्या हंगामात अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०० च्या वर गेली. फिलाडेल्फियाच्या तिन्ही नेहमीच्या आउटफिल्डरांनी ०.४०० ओलांडले. डफीचा आकडा फुगलेला आहे हे बेसबॉलचा प्रत्येक अभ्यासक जाणतो. म्हणून तो वहीतून खोडा असे शंभर वर्षांत कोणी म्हटले? आकडा राहिला, आणि तो कसा वाचायचा हे वाचकावर सोडले. गिब्सनच्या आकड्याबाबत मात्र वाचकावर विश्वास ठेवायला नकार दिला जातो. ही सावधगिरी १८९४ ला का लागू नव्हती, याचे उत्तर विरोधकांनी द्यायला हवे.

इथे १९६९ चा निर्णय पाहावा लागतो, कारण ‘मेजर’ कोणती लीग हे आकाशातून पडलेले सत्य नाही. बेसबॉलच्या नोंदी एका मोठ्या कोशात बांधायच्या होत्या, म्हणून एक समिती नेमली गेली. तिने सहा लीगना मेजर ठरवले. त्यात १८८४ साली एकच हंगाम चाललेली युनियन असोसिएशन आहे. त्या लीगचा अध्यक्ष हेन्री लुकस हाच सेंट लुईस संघाचा मालक होता, त्याने चांगले खेळाडू आपल्याकडे ओढले आणि त्याचा संघ ९४ सामने जिंकून १९ हरला. कित्येक संघ हंगामाच्या मध्येच बुडाले. सेंट लुईसच्या फ्रेड डनलॅपने ०.४१२ ची सरासरी राखली आणि पुढच्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये तो ०.२७० वर आला. हा ०.४१२ अधिकृत वहीत आजही आहे. मोडकी लीग, असमान संघ, अर्धवट वेळापत्रक ही कारणे जर नीग्रो लीगला बाहेर ठेवायला पुरेशी असतील, तर युनियन असोसिएशन आत कशी? समितीने नीग्रो लीग तपासून नाकारली असती, तर निदान त्या नकाराशी वाद घालता आला असता. तिने तो विषय चर्चेलाच घेतला नाही. अन्याय करण्याचा हेतू असण्याची गरजच नव्हती; साठ वर्षांच्या रंगभेदाने त्या पाच माणसांच्या डोळ्यांपुढून एक संपूर्ण खेळविश्व हटवून टाकले होते.

आता दर्जाचा प्रश्न. तो मोजता येतो, आणि मोजलेला आहे, फक्त वादात कोणी त्याचे नाव काढत नाही. दरवाजा उघडल्यानंतर नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान कोणाला मिळाला ते पाहा. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नऊ वेळा तो मान काळ्यांच्या लीगमधून आलेल्या खेळाडूंनी मिळवला: रॉबिन्सन एकदा, रॉय कॅम्पानेला तीनदा, विली मेज, डॉन न्यूकम, हँक ॲरन आणि दोनदा अर्नी बँक्स. यांतला ॲरन तर त्या लीगला उतरती कळा लागल्यानंतर, १९५२ मध्ये तिथे काही महिने खेळला होता. सॅचेल पेज वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी १९४८ मध्ये क्लीव्हलँडकडून आला आणि सहा सामने जिंकून एक हरला. मैदान तेच, चेंडू तोच, गोरे पिचर आणि गोरे हिटर तेच. ज्या झाडाची उरलेली फळे अशी निघाली, ते झाड भरात असताना निकृष्ट होते असे म्हणायला कोणता पुरावा आहे? आणि उलट प्रश्न का विचारला जात नाही? कॉबने आपल्या चोवीस वर्षांत अधिकृत सामन्यात एकाही काळ्या पिचरचा सामना केला नाही. दर्जातील खोटीसाठी गिब्सनच्या आकड्यापुढे फुली मारायची, तर कॉबच्या आकड्यापुढेही तीच फुली हवी. मला दोन्ही नकोत.

मराठी वाचकाला याची उदाहरणे घरातच सापडतील. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१.६४ आहे. ब्रॅडमनच्या ९५.१४ खालोखाल तीच, आणि आपण ती अभिमानाने सांगतो. त्यातल्या धावांचा मोठा वाटा भारतातला आहे, रणजीतील त्यांची सरासरी तर ९८.७५. रणजीतील गोलंदाजी आणि इंग्लंडमधील काउंटीची गोलंदाजी एका दर्जाची होती असे कोणी छातीठोकपणे म्हणेल का? तरी मर्चंट यांचे नाव हॉब्ज आणि हॅमंड यांच्या वर छापले जाते आणि ते योग्यच आहे, कारण ते सामने प्रथम श्रेणीचे होते, ही वस्तुस्थिती आहे. पाळवणकर बाळू यांचे उदाहरण याहून बोचरे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते नेटमध्ये गोलंदाजी करत, हिंदूंच्या संघातून खेळू लागल्यावर चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई, आणि त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. पण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी घेतलेले ११४ बळी धावलेखकाने लिहून ठेवले. जातीने त्यांना पॅव्हेलियनबाहेर बसवले, मात्र मैदानावर उतरू दिले, म्हणून आज त्यांचे काम आपण मोजू शकतो. गिब्सनला मैदानच वेगळे दिले गेले आणि मग ते मैदान मोजायचे नाही असे ठरवले गेले.

दक्षिण आफ्रिकेने हाच पेच क्रिकेटमध्ये सोडवलेला आहे. वर्णभेदाच्या काळात गोरेतर खेळाडूंची स्वतंत्र स्पर्धा होती, हॅसन हावा यांच्या नावाचा चषक तिथे खेळला जाई. त्या सामन्यांना मागाहून प्रथम श्रेणीचा दर्जा दिला गेला. त्यामुळे व्हिन्सेंट बार्न्स हे नाव प्रथम श्रेणीच्या नोंदींत आले, बाराहून कमी सरासरीने तीनशेहून अधिक बळी घेणारे. खराब खेळपट्ट्यांचा त्यात वाटा आहे हे सगळे जाणतात. क्रिकेटचा इतिहास त्याने बुडाला नाही. याच्या विरुद्ध जाणारे उदाहरणही मी लपवत नाही: केरी पॅकरच्या स्पर्धेत १९७७ ते १९७९ मध्ये जगातील उत्तमोत्तम खेळाडू खेळले, क्रिकेट अव्वल होते, आणि तरीही त्या धावा कसोटीत धरल्या जात नाहीत. दर्जा असूनही मान्यता नाही, असे होऊ शकते. फरक एवढाच की पॅकरकडे गेलेले खेळाडू स्वतःहून गेले होते आणि त्यांना परतायला दार होते. गिब्सनने कोणतेही दार निवडले नव्हते. बंदी घालणाऱ्या संस्थेनेच ‘तुम्ही आमच्या बाहेर खेळलात’ असे कारण पुढे करावे, हे कोणत्या न्यायात बसते?

नोंदवही पवित्र आहे, तिला हात लावू नये, हा मुद्दा मी थोडक्यात बाजूला ठेवतो. हॅक विल्सनचा १९३० मधील १९० रन बॅटेड इनचा, म्हणजे बॅटरच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावांचा, विक्रम १९९९ मध्ये १९१ करण्यात आला, कारण एक राहून गेलेली नोंद संशोधकांना सापडली. स्वतः कॉबच्या नावावर १९१० मधील एक सामना दोनदा लिहिला गेला होता. ते १९८१ मध्ये उघड झाले, तरी त्या वेळचे आयुक्त बोवी कून यांनी दुरुस्ती नाकारली. वही नेहमीच माणसांनी लिहिलेली आणि माणसांनीच सुधारलेली आहे.

मला खरोखर थांबवून विचार करायला लावतो तो आक्षेप दुसऱ्याच दिशेने येतो. काही काळे लेखक म्हणतात, नीग्रो लीगला तुमच्या प्रमाणपत्राची गरज कधी होती? रूब फॉस्टरने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत ती उभी केली, काळ्या मालकांनी ती चालवली, काळ्या वृत्तपत्रांनी तिचे निकाल छापले. ज्या संस्थेने साठ वर्षे दार बंद ठेवले, ज्या मालकांनी आपली मैदाने या संघांना भाड्याने देऊन पैसे कमावले पण खेळाडू घेतले नाहीत, तीच संस्था आता ते वैभव आपल्या नावावर करून घेते आहे. वॉशिंग्टनचा मालक क्लार्क ग्रिफिथ याने ग्रेजकडून ग्रिफिथ स्टेडियमचे भाडे घेतले. त्याचा स्वतःचा संघ तेव्हा बऱ्याच हंगामांत तळाशी घुटमळत असताना गिब्सन त्याच्याच मैदानावर चेंडू टोलवत होता. हा राग मला पूर्ण मान्य आहे. २०२० मध्ये नीग्रो लीगला मेजर म्हणून मान्यता जाहीर करताना मेजर लीगने वापरलेली भाषा दानशूरपणाची होती, आणि ती खटकणारीच होती. पण यावर उपाय म्हणून दोन वेगळ्या याद्या ठेवा असे सुचवले जाते, तेव्हा माझा विरोध आहे. दोन वेगळ्या याद्या म्हणजे तर जुनीच व्यवस्था. मुख्य यादी उघडणारा पुढचा मुलगा कॉबचे नाव वाचेल आणि परिशिष्टापर्यंत जाणार नाही.

शिवाय एकत्र यादीत बंदीची किंमत दिसते, जी वेगळ्या यादीत कधीच दिसली नसती. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, १९७२ साली गिब्सनचा फलक लागला. त्यावर लिहिले आहे की त्याने जवळजवळ आठशे होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. त्यात गावोगावचे प्रदर्शनीय सामने धरलेले आहेत. अधिकृत वहीत आल्यावर त्याचे होम रन किती भरले? १७४. बॅरी बाँड्सचे ७६२, ॲरनचे ७५५. विक्रम वाटून खैरात केली असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. नोंदवहीत शिरताना गिब्सनने दंतकथेतले सहाशेहून अधिक होम रन गमावले. एकूण धावा, एकूण होम रन, एकूण बळी, यांतल्या एकाही मोठ्या विक्रमाला नीग्रो लीगच्या समावेशाने धक्का लागलेला नाही. बदलले ते फक्त सरासरीचे तक्ते. दर संधीमागे इतका मोठा असलेला माणूस एकूण बेरजेत इतका खाली का, हा प्रश्न ते पान पाहणाऱ्या कोणालाही पडेल, आणि त्याचे उत्तर शोधताना तो लहान हंगामांपर्यंत, बंद दारापर्यंत आणि तिथे दार धरून बसलेल्या, त्या काळच्या बेसबॉल आयुक्त लँडिसपर्यंत पोहोचेल.

राहिला तो अपुऱ्या नोंदींचा मुद्दा. उरलेला चतुर्थांश भाग काळ्यांच्या जुन्या वृत्तपत्रांत, पिट्सबर्ग कुरियर आणि शिकागो डिफेंडरच्या फायलींत शोधला जातो आहे. संशोधक एकेक सामना पडताळून जोडत आहेत, आणि आकडे हलणार हे लीगच्या इतिहासकारांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे. कॉब आणि गिब्सन यांच्यात हजारात पाचांचे अंतर आहे. पंधरा-वीस हुकलेल्या सामन्यांचे तपशील मिळाले आणि त्यांत गिब्सनचा हात चालला नव्हता असे निघाले, तर हे अंतर पुसले जाऊ शकते. तसे झाले तर कॉबचे नाव पुन्हा वर छापावे, त्याच दिवशी, आणि आज गिब्सनच्या बाजूने बोलणाऱ्या आम्ही त्याला हरकत घेऊ नये.